लहान मुलांसह थीम पार्कची एक दिवसाची सहल: आधी उंची मोजा, तिकीट नंतर

पुण्याहून थीम पार्कला जाणाऱ्या घरांचा खर्च हाताबाहेर जातो त्याचं कारण तिकिटाचा दर नसतो. क्रम चुकतो. शुक्रवारी रात्री सवलतीची जाहिरात दिसते, चौघांची तिकिटं निघतात, आणि पार्कात पोचल्यावर कळतं की धाकटीला सातआठ राइडच्या पलीकडे कुठेच बसता येत नाही. आई तिला घेऊन बाहेर बाकावर बसते, बाबा थोरल्याबरोबर रांगेत उभे राहतात. म्हणजे चार तिकिटांतली दोन वाया गेली. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करायचे आहेत. पुढचा आधी उरकला तर मागचा केल्याचा उपयोग राहत नाही.

उदाहरणासाठी खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका धरलं आहे, कारण पुण्यातून एका दिवसात जाऊन येण्यासारखं मोठं थीम पार्क तेच. लोणावळ्याकडच्या किंवा पुण्याच्या आसपासच्या वॉटर पार्कलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

टप्पा १: उंची मोजा (सहलीच्या तीन आठवडे आधी)

बालवाडीच्या फीसारखं इथे वयावर काही ठरत नाही. तिकीट लहानाचं की मोठ्याचं, हे उंचीवर ठरतं. राइडला बसू देणार की नाही, तेही उंचीवरच. त्यामुळे आठ वर्षांचं उंच मूल मोठ्या तिकिटाच्या जवळ पोचलेलं असू शकतं आणि सहा वर्षांचं ठेंगणं मूल निम्म्या राइडबाहेर राहू शकतं.

मोजायची पद्धत साधी आहे. अनवाणी उभं करा, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं हवं, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजा. दिवसभरात अर्धापाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे होतं, आणि मूल सीमेवर असेल तर तेवढ्यावरून फाटकाशी वाद होतो.

आता पार्कच्या तिकिटाच्या पानावरची उंचीची अट आणि प्रत्येक राइडची किमान उंची समोर ठेवा. एका कागदावर दोन रकाने आखा: "हिला चालतं" आणि "हिला चालत नाही". काही राइडमध्ये मूल मोठ्या माणसाबरोबर असेल तरच बसू देतात. अशा नावांपुढे खूण करा, कारण तिथे तुमच्यापैकी एकजण अडकणार.

ढोबळ अंदाज सांगायचा तर निट्रो, डीप स्पेस, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप ही नावं लहान मुलांच्या यादीतून सरळ काढून टाका. मॅजिक कॅरोसेल, टबी टेक्स ऑफ, हम्प्टीज फॉल ही त्यांची दुनिया. सलीमगड उंचीत बसलं तरी चार-पाच वर्षांच्या मुलाला नेऊ नका. आत अंधार आणि भुताटकी आहे. त्या रात्री घरात कुणी झोपत नाही.

तपासा: "चालतं"च्या रकान्यात दहापेक्षा कमी नावं आली तर ही सहल एक वर्ष पुढे ढकला. तीन वर्षांखालच्या मुलाला पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी किंवा निगडीचं अप्पूघर तेवढाच आनंद देतं, आणि तिथे कंटाळा आला तर अर्ध्या तासात घरी येता येतं. कात्रजचं प्राणिसंग्रहालयही चालेल, पण बुधवारी ते बंद असतं. रिक्षा करून तिथे जाऊन परत फिरणारी माणसं दर बुधवारी दिसतात.

टप्पा २: थीम पार्क की वॉटर पार्क, एकच ठरवा

इमॅजिकात दोन्ही शेजारी शेजारी आहेत, पण तिकिटं वेगळी. "एवढं लांब जातोच आहोत तर दोन्ही करू" हा पुणेकरांचा लाडका हिशेब लहान मुलांबाबत तोट्याचा ठरतो. पाण्यात तीन तास खेळलेलं पाच वर्षांचं मूल दुपारी तीननंतर फक्त झोपतं. दुसऱ्या तिकिटाचे पैसे त्याच्या डुलकीवर जातात.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शक्यतो वॉटर पार्क बरं. रांगा कमी, उथळ तलावात हवं तितका वेळ काढता येतो, उंचीची अडचण कमी येते. सहाच्या पुढे थीम पार्कचे पैसे वसूल होऊ लागतात. घरात तीन वर्षांचं आणि आठ वर्षांचं अशी जोडी असेल तर तोडगा वॉटर पार्कच.

पावसाळ्यात मात्र उलट विचार करा. विजा चमकायला लागल्या की पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढतात, उघड्यावरच्या मोठ्या राइडही थांबतात. थीम पार्कमध्ये निदान छताखालचे खेळ सुरू राहतात.

टप्पा ३: दिवस निवडा

शनिवार-रविवार टाळा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. कामाच्या दिवसांतही फरक असतो, तो माहीत नसतो.

शुक्रवार नको. जाताना रस्ता मोकळा असेल, पण संध्याकाळी तुम्ही खोपोलीहून घाट चढून परतताना मुंबईची आठवडाअखेरची सगळी गर्दी त्याच बाजूने वर येत असते. दमलेली मुलं आणि खंडाळ्याच्या घाटात थांबलेल्या गाड्या, हे एकत्र नको. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे खरे दिवस.

डिसेंबर-जानेवारीत कामाच्या दिवशीही शाळांच्या सहलींच्या बसगाड्या येतात. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना पूर्ण सोडा. बालवाडीतल्या किंवा पहिली-दुसरीतल्या मुलाची एक दिवस शाळा बुडाली तर फारसं बिघडत नाही, म्हणून फेब्रुवारीतला मधला वार सगळ्यात उत्तम: ऊन सोसवेल असं, गर्दी कमी, आणि सवलती बहुतेकदा अशाच दिवसांवर असतात.

खबरदारी: पुण्याच्या उन्हावरून खोपोलीचा अंदाज बांधू नका. घाट उतरला की तुम्ही कोकणात, रायगड जिल्ह्यात. तिथली हवा दमट, घामाच्या धारा लागतात. पुण्यात सकाळी स्वेटर घालून निघालेल्या मुलाला तिथे सुती बनियनही नको होतं.

टप्पा ४: जायचं कसं

स्वारगेटच्या बाजूने निघालात तर जाताना साधारण ९० किलोमीटर, म्हणजे येऊन जाऊन १८०. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर १२ लिटर पेट्रोल. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर १,२६० रुपये. त्यावर टोल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मोटारीला पूर्ण अंतराचा टोल एका बाजूला ३२० रुपये आहे (एप्रिल २०२३ पासूनचा दर). खोपोलीला उतरणाऱ्याने हिशेबात दोन्ही बाजूंचा पूर्णच धरावा. कमी लागला तर चहाला होईल. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या रात्री बघा. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या टोलनाक्यांवर फास्टॅग नसेल तर दुप्पट भरावे लागतात.

चौघांच्या कुटुंबाला गाडीनेच जायचं तर स्वस्त मार्ग म्हणजे दोन कुटुंबांनी मिळून सगळे मावतील अशी मोठी गाडी करणं. पण माणसं मोजताना मुलांनाही पूर्ण आसन धरा. "मांडीवर बसेल" हे एक्सप्रेसवेवर चालत नाही. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बेबी सीटशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. दंड दूर राहो, घाटात अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात धरून ठेवणं कुणालाच जमत नाही.

लोकलने लोणावळा, तिथून बसने खोपोली, मग रिक्षा, हा रस्ता खिशाला सर्वांत हलका. एसटीत पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं, आणि बाईमाणसांनाही अर्धंच. जाताना मजा येते. परतताना अंधारात, ओले कपडे, झोपलेलं मूल खांद्यावर आणि तीन वेळा गाडी बदलायची. मुलं सहाच्या आतली असतील तर हा बेत करू नका. पुण्याहून पार्कचीच बस सुटते का, ते तिकीट काढताना बघा. असेल तर तिचा खर्च आणि गाडीचा खर्च शेजारी मांडून ठरवा. दुचाकीचा विचारच नको. एक्सप्रेसवेवर तिला बंदी आहे, आणि जुन्या घाटात मालट्रकांच्या मधून लहान मूल पुढे बसवून जाणं हा शहाणपणा नव्हे.

टप्पा ५: खर्चाचा कागद, आणि मगच तिकीट

कागदावर नऊ ओळी लिहा: तिकिटं, त्यावरचा कर आणि शुल्क, पेट्रोल, टोल, पार्किंग, लॉकर, पोहण्याचे कपडे, जेवण, आणि हट्ट. शेवटची ओळ विनोद म्हणून लिहिलेली नाही. फुगे, चमचमती पिस्तुलं, राइडवरचा फोटो यांत न ठरवता हजार रुपये जातात. प्रत्येक मुलाच्या हातात सकाळीच २०० रुपये द्या आणि "संपले की संपले" असं सांगा. स्वतःचे पैसे असले की सहा वर्षांचं मूलही दुकानात फार विचार करतं.

तिकीट काढताना चुका कुठे होतात?

जाहिरातीतला दर आणि शेवटच्या पानावरची रक्कम वेगळी असते. पैसे भरायच्या पानापर्यंत जा, तिथला आकडा कागदावर उतरवा आणि मगच दुसऱ्या ठिकाणच्या दराशी तुलना करा. "एकावर एक मोफत"मध्ये मूळ दर चढा असू शकतो. चौघांची एकूण रक्कम भागिले चार, एवढंच खरं.

पार्क स्वतः जेवणासह तिकीट देतं का बघा. मूल खाण्यात कुरकुरं असेल तर लहानाचं जेवणासह तिकीट घेऊ नका. मोठ्यांच्या थाळीतलं त्याला पुरतं.

बहुतेक तिकिटं ठरलेल्या तारखेची असतात आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून सवलत थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण फार आधी न काढता तीन-चार दिवसच आधी काढा. लहान मुलांच्या घरात तीन आठवड्यांनंतर कोण तापलेलं असेल, हे कुणी सांगावं? तारीख बदलून मिळण्याची सोय असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

व्हॉट्सअॅपच्या गटात "उरलेली तिकिटं निम्म्या दरात" आली तर घेऊ नका. एकच क्यूआर कोड पाचजणांना विकलेला असू शकतो. फाटकावर पहिला आत जातो, बाकीचे चार वाद घालत राहतात.

टप्पा ६: आदल्या दिवशीची तयारी

वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत. नायलॉन किंवा लायक्राचे लागतात. तिथे भाड्याने मिळतात, पण चौघांचं भाडं आणि अनामत मिळून जी रक्कम होते त्यात लक्ष्मी रोडवर किंवा तुळशीबागेत मुलांचे कायमचे कपडे येतात. मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे घ्या, पाठ भाजत नाही. डायपर लावणाऱ्या मुलाला पोहण्याचा डायपर लागतो. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि तलावातच सुटतो.

पिशव्या दोनच हव्यात. एक आत नेण्याची: टोपी, सनस्क्रीन, एक टॉवेल, ओआरएस, नेहमीची औषधं, मुलांची एक कपड्यांची जोडी, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. दुसरी गाडीत राहणारी: कोरडे कपडे, पाण्याचा कॅन, परतीचा खाऊ, जुनी चादर. सगळं आत नेलं की मोठा लॉकर लागतो.

ओआरएसची २१ ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात ढवळू नका, क्षाराचं प्रमाण बिघडतं. त्यापेक्षा २०० मिलीलीटरच्या लहान पुड्या न्या.

खाण्याचं काय? बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं अन्न सहसा चालतं. पण सकाळचं आणि परतीचं तुमच्या हातात आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडीच्या वड्या हे दिवसभर टिकतं. बटाट्याची भाजी आणि दहीभात गाडीच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतात, नेऊ नका. आत फक्त दुपारचं एक जेवण विकत घ्यायचं, असं ठरवलं की जेवणाची ओळ आटोक्यात राहते.

तपासा: तिकिटांचा स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये आहे ना? सगळ्यांचं ओळखपत्र? फास्टॅग? टायरची हवा? पार्कच्या पानावर उद्या बंद असणाऱ्या राइडची सूचना आहे का? मुलाला पुरळ, ताप किंवा जुलाब असतील तर पाण्यात उतरवू नका. तिकीट बुडालं तर बुडू द्या.

टप्पा ७: सकाळचा प्रवास

चांदणी चौक सातच्या आत मागे पडला पाहिजे. आठनंतर भुमकर चौक आणि वाकडच्या पट्ट्यात हिंजवडीला जाणाऱ्यांची गर्दी होते आणि तिथेच पाऊण तास जातो. हडपसर-मुंढव्याकडून येणाऱ्यांनी पावणेसहाला निघावं.

निघताना पोटभर दूध पाजू नका. घाटाच्या वळणांवर तेच बाहेर येतं. घरी अर्धा पराठा किंवा दोन बिस्किटं, आणि खरी न्याहारी घाट उतरल्यावर, पार्किंगमध्ये गाडीतच. घाटात मुलांच्या हातात मोबाइल नको. मान खाली घालून चित्र बघितलं की मळमळ वाढते. खिडकीची फट उघडा, समोर लांब बघायला लावा, आवळा सुपारी जवळ ठेवा. उलटीचं औषध द्यायचं असेल तर बालरोगतज्ज्ञाला विचारूनच, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून नव्हे.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. खालच्या गिअरमध्ये उतरा आणि वेगाची पाटी पाळा. कॅमेरे आहेत, आणि घरी आलेलं चलन सहलीची सगळी बचत खाऊन टाकतं.

पार्क उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचलात तर वेळ बरोबर जमली. न्याहारी, सनस्क्रीन आणि लघवी हे तिन्ही फाटकाबाहेरच आटपा.

टप्पा ८: आतला दिवस

फाटकातून आत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा आजच्या कपड्यांतला फोटो काढा. हरवल्यावर "निळा शर्ट होता की हिरवा" हे कुणालाच आठवत नाही. मनगटाच्या पट्टीवर कायमच्या शाईच्या पेनने फोन नंबर लिहा. बॉलपेनची शाई पाण्यात धुऊन जाते. "हरवलास तर चालत सुटायचं नाही, तिथेच उभा राहायचं आणि गणवेशातल्या दादाला किंवा ताईला सांगायचं" हे तीनदा वदवून घ्या.

मग लगेच फाटकाजवळच्या पहिल्या राइडला रांग लावू नका. तिथे सगळेच थबकतात. मुलांच्या यादीतली सर्वांत लांबची राइड आधी गाठा आणि तिथून मागे सरकत या.

थीम पार्कमध्ये दिवसाचे तीन भाग करा. उघडल्यापासून एकपर्यंत उघड्यावरच्या मुलांच्या राइड. एक ते चार जेवण आणि छताखालचे खेळ. अलिबाबासारखी राइड थंड जागेत असते आणि पाच वर्षांच्या मुलालाही समजते. चारनंतर पुन्हा बाहेर. राजासॉरससारखी भिजवणारी राइड सकाळी पहिली करू नका. ओल्या बुटांत दिवसभर चालून टाचांना फोड येतात. ती दुपारनंतर, कपडे बदलायच्या आधी.

मोठ्यांना निट्रोला बसायचंच असेल तर रांगेच्या तोंडाशी विचारा की एकाने बसून आल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडाल का. काही ठिकाणी सोडतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

जेवण साडेबाराला किंवा अडीचला घ्या, दीडला नको. दीड वाजता रांग राइडपेक्षा लांब असते. जेवल्यावर पाऊण तास गोल फिरणारं काहीही नको. पिण्याचं पाणी आत कुठे मोफत मिळतं, ते पहिल्या पंधरा मिनिटांत शोधून ठेवा. हे केलं नाही तर बाटल्यांवरच दीड-दोनशे जातात.

वॉटर पार्कमध्ये दर पाऊण तासाने मुलांना बाहेर काढा, तहान नसली तरी पाणी पाजा, सनस्क्रीन पुन्हा लावा. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की "अजून पाच मिनिटं" ऐकायचं नाही. लाटांच्या तलावात लाटा ठरावीक वेळांनी सुरू होतात. त्या सुरू होताना मूल गुडघाभर पाण्यात आणि तुमच्या हाताच्या अंतरावर हवं. जीवरक्षक आहे म्हणून फोन बघत काठावर बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

टप्पा ९: निघणं

मुलं रडायला लागल्यावर निघालात तर उशीर झाला. थीम पार्कातून सहाच्या सुमारास, वॉटर पार्कातून साडेचारला निघा. पार्कात संध्याकाळी मिरवणूक (परेड) असेल आणि तिच्यासाठी थांबायचं असेल तर दुपारी मुलांना छताखाली अर्धा तास झोपवलेलं असलं पाहिजे, नाहीतर ती बघायला कुणी जागं राहत नाही.

निघताना क्रम असा: आधी मुलांचे कोरडे कपडे, मग लॉकर रिकामा करून अनामत परत, मग बाहेर. अनामतीची पावती ओल्या पिशवीत लगदा झालेली सापडते, म्हणून सकाळीच तिचा फोटो काढून ठेवा. बाहेर पडण्याच्या वाटेवर खेळण्यांचं दुकान लागतंच. मूल पेंगत असेल तर ते कडेवर घेऊन तिथून झपाझप चाला.

पार्किंगमध्ये चादर अंथरून दशम्या आणि पुऱ्या संपवा. पोट भरलेलं असलं की एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलला फक्त स्वच्छतागृहासाठी थांबावं लागतं. चालवणाऱ्याने मात्र घाट चढण्याआधी पंधरा मिनिटं डोळे मिटून पडावं. मागची तिघं झोपलेली असताना त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. घरी पोचल्यावर ओले कपडे त्याच रात्री पिशवीतून काढून साध्या पाण्यातून पिळा. क्लोरीन सकाळपर्यंत राहिलं तर नायलॉन विटतं आणि पुढच्या वर्षी धाकटीला तेच घालायचं असतं.